धुराकडून वाफेकडे

व्यसनासंबंधानें बोलावयास उभा राहिलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो: एक तर उपदेश करतो, नाहीं तर भीति घालतो. सिगारेट ओढणाऱ्याला या दोहोंचीही संवय झालेली असते. पाकिटावरचें रोगट फुप्फुसाचें चित्र तो रोज पाहतो आणि त्याच चित्रावर अंगठा ठेवून पाकीट उघडतो. त्याला जें हवें असतें तें निराळेंच. सोडावयाची तर कशी, आणि सोडल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत रिकाम्या हाताचें, रिकाम्या ओठांचें आणि मस्तकांत उठणाऱ्या तलफेचें करावयाचें काय, याचें व्यवहारी उत्तर तो शोधीत असतो. इंग्लंडांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नाला एक उत्तर पुढें आलें आहे. तें म्हणजे बॅटरीवर चालणारी, धुराऐवजीं वाफ देणारी ई-सिगारेट. बोलण्यांत तिला तेथें व्हेप म्हणतात. भारतांत या वस्तूला कायद्यानें मज्जाव आहे, आणि त्याचाही विचार पुढें करावयाचा आहे. परंतु लंडन, लेस्टर, मँचेस्टर अशा शहरीं जीं मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या घरांत हा विषय आज उघडपणें बोलला जातो, आणि पुण्या-मुंबईच्या त्यांच्या आप्तांच्या कानांवरही तो अर्धामुर्धा येतो. अर्धामुर्धा आलेला विषय पुरता समजून घेतलेला बरा.

सिगारेटीचें जळतें टोक झुरका घेतांना सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें. त्या आगींत तंबाखू जळून जो धूर निघतो त्यांत ७,००० हून अधिक रसायनें असतात. त्यांपैकीं निदान सत्तर कर्करोगास कारण होणारीं आहेत. निकोटिन या टोळींतच वावरतें, आणि ओढणाऱ्याला बांधून ठेवणारें तें हेंच. परंतु फुप्फुसें पोखरण्याचें आणि रक्तवाहिन्या बिघडविण्याचें मुख्य काम डांबर, कार्बन मोनॉक्साइड व इतर ज्वलनजन्य द्रव्यें करतात. धूम्रपानाचे ब्रिटिश अभ्यासक मायकेल रसेल यांनीं १९७६ सालींच हा भेद उघड करून दाखविला होता: ओढण्याचें कारण निकोटिन, मरण्याचें कारण डांबर. हा भेद एकदां ध्यानांत आला कीं व्हेपमागची कल्पना आपोआप उलगडते. निकोटिन द्यावें, आग मात्र काढून घ्यावी. २००३ सालीं चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनीं आजच्या ई-सिगारेटीचा आराखडा सिद्ध केला. ते स्वतः धूम्रपानाच्या व्यसनांत सांपडलेले होते.

यंत्राची रचना साधी आहे. एक बॅटरी, एक लहानशी टाकी, टाकींत प्रॉपिलिन ग्लायकॉल व वनस्पतिजन्य ग्लिसरीन यांचा द्रव, त्यांत थोडा स्वाद आणि ठराविक प्रमाणांत निकोटिन. टाकीच्या तळाशीं तारेचें बारीक वेटोळें असतें, त्याला कॉइल म्हणतात. तिच्याभोंवतीं कापूस असतो. कापसांत द्रव मुरतो, तार तापते, द्रवाची वाफ होते. समईच्या वातींत तेल चढतें त्याच न्यायानें द्रव कापसांत चढतो; भेद इतकाच कीं येथें ज्योत नाहीं. तंबाखू नाहीं, ज्वलन नाहीं, म्हणून डांबर नाहीं आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळ जवळ नाहीं.

याचा अर्थ ती वाफ गंगाजल आहे असा कोणीं घेऊं नये. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानें २०१५ सालीं व्हेप हें सिगारेटीपेक्षां सुमारें ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. हा आंकडा तराजूंत तोलून काढलेला नव्हता, तो तज्ज्ञांचा अंदाज होता, आणि त्याच्यावर वैद्यकीय नियतकालिकांतून टीकाही झाली. ही वस्तु बाजारांत येऊन वीस वर्षें होतात न होतात. चाळीस वर्षें ती वापरलेला मनुष्य अजून अस्तित्वांतच नाहीं. तेव्हां ज्यानें कधीं सिगारेट ओढली नाहीं त्याला, विशेषतः पोरासोरांना, या यंत्राचें कांहीं एक काम नाहीं. जो रोज वीस सिगारेटी जाळतो त्याच्यापुढची निवड शुद्ध हवा आणि वाफ यांतली नसते, धूर आणि वाफ यांतली असते. आणि तेथें उत्तर फारसें अवघड राहत नाहीं.

तें साधतें कीं नाहीं याचीही परीक्षा झालेली आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या धूम्रपानमुक्ति केंद्रांत आलेल्या ८८६ प्रौढांचे दोन गट पाडले गेले. एका गटास निकोटिनचे पट्टे, च्युइंग गम इत्यादि त्यांच्या पसंतीचीं साधनें दिलीं. दुसऱ्यास पुन्हां भरतां येणाऱ्या ई-सिगारेटीचा प्रारंभीचा संच आणि १८ मिलिग्रॅम निकोटिनच्या द्रवाची एक बाटली. दोन्ही गटांना दर आठवड्यास सल्लागाराची भेट होतीच. २०१९ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्यें निष्कर्ष छापून आले. वर्षाअखेर सिगारेटीपासून मुक्त राहिलेले पहिल्या गटांत ९.९ टक्के, दुसऱ्यांत १८ टक्के. जवळ जवळ दुप्पट यश. परंतु दर शंभरांत ब्याऐंशी जणांना तेंही लाभलें नाहीं, हें विसरतां कामा नये. आणखी एक गोष्ट: व्हेपच्या आधारें जे सुटले त्यांपैकीं ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढीतच होते, पट्ट्या-गमवाल्यांत हें प्रमाण ९ टक्के होतें. म्हणजे व्हेपनें सिगारेट सुटते, निकोटिन लगेच सुटतेंच असें नाहीं. एप्रिल २०२३ मध्यें तेथील सरकारनें दहा लक्ष धूम्रपानकर्त्यांना समुपदेशनासह असे संच देण्याची योजना जाहीर केली, ती या पार्श्वभूमीवर.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळावें. लंडनच्या एखाद्या उपनगरांतला पंचेचाळिशीचा मराठी गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. रोज वीस सिगारेटी. जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत पहिली. जिना चढतांना दम लागूं लागला आहे, आणि डॉक्टरांनीं छातीचा आलेख पाहून कपाळाला आठ्या घातल्या आहेत. घरीं दहा वर्षांची मुलगी आहे. बाबा परसांत गेले कीं ती खिडकी लावून घेते. गृहस्थ व्हेपच्या दुकानांत शिरतो. समोर कांचेच्या कपाटांत शेंदोनशें यंत्रें. रंगीबेरंगी, चकचकीत, कांहींना पडदे, कांहींना दिवे. नवखा मनुष्य येथेंच चुकतो. मोठें यंत्र म्हणजे अधिक गुण, असा हिशेब करून तो सगळ्यांत धिप्पाड पेटी उचलतो. घरीं आल्यावर पत्नी विचारते, “अहो, हें सिगारेट सोडायला आणलंय कीं दिवाळीच्या रोषणाईला?” पत्नीचा प्रश्न बिनतोड आहे. असलीं यंत्रें वाफेचे ढग सोडण्याचा ज्यांना शौक आहे त्यांच्यासाठीं असतात. त्यांच्या कॉइलचा विद्युत्‌रोध एक ओहमपेक्षां कमी. वाफ थेट छातींत ओढावी लागते. सिगारेट ओढणारा तसें कधींच ओढीत नाहीं. तो धूर आधीं तोंडांत घेतो आणि मग आंत नेतो. तीस वर्षांची ही संवय एका दिवसांत बदलावयास सांगितली तर तो ठसकतो, वैतागतो आणि यंत्र कपाटांत टाकून कोपऱ्यावरच्या दुकानांतून पुन्हां पाकीट आणतो.

म्हणून पहिलें यंत्र निवडतांना पहिली कसोटी ही, कीं त्याचा झुरका सिगारेटीच्या झुरक्यासारखा घट्ट असावा. दुकानदाराला ‘तोंडांतून छातींत’ ओढण्याचें यंत्र पाहिजे म्हणून सांगावें. तो काय तें समजतो. कॉइल एक ओहमची किंवा थोडी अधिक असावी. हवेचें भोंक कमी-अधिक करण्याची सोय असल्यास उत्तमच. ज्याला पॉड म्हणतात त्या जातीचें, मुठींत मावणारें, पुन्हां भरतां येणारें यंत्र बहुतेक सर्व नवख्यांना पुरतें. बटण नसून नुसतें ओढल्याबरोबर चालूं होणारें असेल तर डोक्याला तितकाच कमी ताप. बॅटरी ८०० ते १,००० मिलिअँपिअर-तासांची असली कीं सामान्यतः दिवस निघतो. दुपारीं तीनला कचेरींत बॅटरी संपणें म्हणजे खालीं उभ्या असलेल्या धूम्रपानी सहकाऱ्यांच्या घोळक्यांत जाऊन हात पसरणें. तेव्हां या आंकड्याकडे दुर्लक्ष नको. यंत्राचें रूप हें सर्वांत शेवटीं पाहावें. त्याआधीं एक प्रश्न अवश्य विचारावा: या यंत्राच्या कॉइल किंवा पॉड या दुकानांत नेहमीं मिळतात ना? कॉइल एक-दोन आठवड्यांत संपते. ती मिळालीच नाहीं तर उरतो तो एक शोभेचा तुकडा.

एकदां वापरून फेंकून द्यावयाचीं यंत्रें हा सोपा मार्ग पूर्वीं होता. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्यें त्यांच्या विक्रीस बंदी आहे. कारण कचरा आणि शाळकरी मुलांची ओढ. तेव्हां कोणी चोरटेपणानें तसें यंत्र पुढें केलें तर दुकान चांगलें नव्हे इतकें समजावें. तेथील कायद्यानें निकोटिन असलेल्या द्रवाची टाकी दोन मिलिलिटरांहून मोठी असूं नये, बाटली दहा मिलिलिटरांहून मोठी असूं नये, आणि निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमांहून अधिक असूं नये, असें बंधन आहे. या तीन आंकड्यांवरून बेकायदा माल पांच सेकंदांत ओळखतां येतो.

यंत्रापेक्षांही महत्त्वाचा प्रश्न द्रवाच्या तीव्रतेचा, आणि बहुतेक प्रयोग फसतात ते येथें. गृहस्थ विचार करतो कीं सोडावयाचेंच आहे, तर निकोटिन कमींत कमी घ्यावें. हेतु चांगला, परिणाम वाईट. तीन मिलिग्रॅमच्या द्रवानें वीस सिगारेटींची तलफ भागत नाहीं. चौथ्या दिवशीं तो सिगारेटीकडे परततो आणि यंत्र निरुपयोगी असल्याचें जगाला सांगत सुटतो. ढोबळ हिशेब असा: रोज वीस ओढणाऱ्यास १८ ते २० मिलिग्रॅम, दहा ओढणाऱ्यास १० ते १२, चार-दोन ओढणाऱ्यास ३ ते ६. ज्याला उठल्याबरोबर सिगारेट लागते त्यानें वरच्या पायरीवरून आरंभ करावा. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, उचकी लागली, तर निकोटिन अधिक होत आहे. यंत्र खालीं ठेवावें आणि पुढल्या बाटलीला एक पायरी उतरावें. द्रवाचे दोन प्रकार मिळतात. एकांत साधें निकोटिन असतें. तें घशाला सिगारेटीसारखा धक्का देतें. दुसऱ्यांत निकोटिनचें क्षाररूप असतें. तें अधिक तीव्रतेंतही घशाला सौम्य लागतें. कोणाला कोणतें रुचेल हें घसाच ठरवितो. लहान पॉडसाठीं ग्लायकॉल व ग्लिसरीन निम्मेनिम असलेला द्रव घ्यावा. दाट द्रव बारीक कापसांत नीट चढत नाहीं. स्वादाविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पुष्कळजण तंबाखूच्या स्वादानें आरंभ करतात आणि त्यांत तंबाखू कोठें दिसत नाहीं म्हणून हिरमुसतात. पुढें बहुतेक फळांकडे किंवा पुदिन्याकडे वळतात. अति गोड द्रवानें कॉइल लवकर करपते, इतकें लक्षांत असूं द्यावें.

घरीं आल्यावर घाई करूं नये. नवी कॉइल बसवून टाकी भरावी आणि दहा मिनिटें यंत्र तसेंच ठेवावें, म्हणजे कापूस पुरता भिजतो. कोरड्या कापसावर झुरका घेतला तर तो जळतो, आणि एकदां जळालेल्या कॉइलचा करपट वास कांहीं केल्या जात नाहीं. दोन-तीन पौंड तेथेंच बुडतात. झुरका सिगारेटीसारखा जोरानें आणि तुटक नसावा. तीन-चार सेकंदांचा, सावकाश असावा. पहिले दोन-तीन दिवस खोकला येतो, तोंडाला कोरड पडते; पाणी पीत राहावें. सिगारेट पांच-सात मिनिटांत आपोआप संपते, व्हेप संपत नाहीं. म्हणून चार झुरके घेऊन तें खिशांत ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी, नाहीं तर तें दिवसभर ओठांना चिकटून बसतें.

खर्चाचा प्रश्न घरांत निघतोच. ब्रिटनमध्यें वीस सिगारेटींचें पाकीट आतां पंधरा पौंडांच्या वर गेलें आहे. रोज एक पाकीट म्हणजे महिन्याला साडेचारशें पौंडांहून अधिक. चांगलें पॉड वीस-तीस पौंडांत येतें. बाकीचें गणित गृहिणी स्वतःच करते.

सर्वांत अवघड भाग याच्या पुढें आहे. गृहस्थ वीसवरून पांचवर येतो, उरलेल्या वेळीं व्हेप ओढतो आणि आपण तीनचतुर्थांश जिंकलों असें मानतो. हृदय मात्र तसा हिशेब मानीत नाहीं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें २०१८ सालीं आलेल्या एका मोठ्या समालोचनांत असें दिसलें कीं, रोज वीस सिगारेटींनीं हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या निम्म्याच्या जवळपास धोका रोजची एकच सिगारेट वाढविते. म्हणजे चहानंतरची तेवढी एक ठेवणें हा सौदा फार महाग पडतो. दोन्ही वस्तु कांहीं दिवस एकत्र चालतात, त्याला इलाज नाहीं. परंतु शेवटच्या सिगारेटीची तारीख ठरवून ती घरांत सांगून टाकलेली असावी. ज्या मुलीनें खिडकी लावून घ्यावयाची, तिच्याच हातून दिनदर्शिकेवर खूण करवून घेतली तर चांगलें. घराबाहेर धूम्रपानमुक्ति केंद्राचा सल्लागार असतो. त्याची भेट फुकट असते, आणि वरील प्रयोगांतले लोक त्या भेटींसह यशस्वी झाले होते, नुसत्या यंत्रानें नव्हे.

डॉक्टरांनाही ही तारीख कळली पाहिजे, आणि याचें कारण फारसें कोणाला माहीत नसतें. सिगारेटीचा धूर यकृताला कांहीं औषधें भराभर जाळावयास लावतो. धूर थांबला कीं तींच औषधें पूर्वींच्याच मात्रेंत रक्तांत सांचूं लागतात. दम्यावरचें थिओफिलिन, मनोविकारांवरचीं क्लोझापिन व ओलान्झापिन हीं त्यांतलीं मुख्य. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. म्हणून व्हेप चालूं असलें तरी मात्रा तपासून घ्यावीच लागते. मधुमेह्यांनींही साखरेवर अधिक लक्ष ठेवावें.

धोक्यांविषयीं थोडें. निकोटिनचा द्रव हें विष आहे; बाटली औषधांच्या कुलपांत ठेवावी, चहाच्या फळीवर नव्हे. बॅटरी गादीवर ठेवून रात्रभर चार्ज करूं नये. २०१९ सालीं अमेरिकेंत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना भयंकर इजा झाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यु नोंदले गेले. त्या प्रकरणीं मुख्य दोष गांजाचा अर्क भरलेल्या चोरट्या नळ्यांत मिसळलेल्या व्हिटामिन ई ॲसिटेटचा होता. सिगारेट सोडण्यासाठीं अधिकृत दुकानांत मिळणारा द्रव तो नव्हे. तरी त्यापासून घ्यावयाचा धडा निश्चित आहे: टाकींत दुकानच्या शीलबंद द्रवाखेरीज कांहीं घालूं नये. तेल तर नाहींच नाहीं.

राहतां राहिली मायदेशची सफर. विमानांत हीं यंत्रें हातांतल्या सामानांत ठेवण्याचा नियम आहे, कारण बॅटरी. परंतु भारताच्या बाबतींत हा नियम वाचून थांबणें धोक्याचें आहे. भारत सरकारनें सप्टेंबर २०१९ मध्यें वटहुकुमानें आणि त्याच वर्षाअखेर कायद्यानें ई-सिगारेटीचें उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री व जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हां केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पांच लक्षांपर्यंत दंड. साठा करण्यासही निराळी शिक्षा. लंडनचा मुलगा पुण्याच्या वडिलांसाठीं प्रेमानें एक संच बॅगेंत घालतो. तेव्हां तो वडिलांना भेट देत नसून त्यांच्या दारीं एक फौजदारी प्रकरण नेत असतो. पुण्यांत त्या यंत्राची कॉइल संपली तर ती चोरबाजारांतूनच आणावी लागणार, आणि चोरबाजारच्या मालांत काय भरलेलें असतें तें अमेरिकेनें पाहिलें आहे. ही बंदी योग्य कीं अयोग्य, सिगारेट व विडी दुकानांत राजरोस विकल्या जात असतां निव्वळ व्हेपलाच मज्जाव कां, हा वाद रास्त आहे. परंतु तो सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढें उभें राहून घालावयाचा नव्हे.

पुण्याच्या वडिलांना उपाय नाहीं असें मात्र मुळींच नाहीं. निकोटिनचे पट्टे व गम भारतांत मिळतात. २ मिलिग्रॅमचा गम औषधांच्या दुकानांत चिठ्ठीवांचून मिळतो. बुप्रोपियॉन व व्हॅरेनिक्लिन हीं औषधें डॉक्टर विचारपूर्वक देतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ति दूरध्वनि १८००-११-२३५६ हा विनामूल्य आहे. तंबाखूच्या पाकिटांवरही तो छापलेला असतो. गमाच्या बाबतींत एकच गोष्ट सांगावयाची, कारण बहुतेक लोक तो पेपरमिंटच्या गोळीसारखा भराभर चघळतात आणि पोटांत जळजळ झाली म्हणून टाकून देतात. चारसहा वेळां सावकाश चावावा. जिभेला झिणझिणी लागली कीं चावणें थांबवून तो गाल आणि हिरडी यांमध्यें ठेवावा. झिणझिणी ओसरली कीं पुन्हां चावावा. असा अर्धा तास. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटें जाऊं द्यावीं, कारण त्यांच्या आंबटपणानें निकोटिन तोंडांत मुरत नाहीं. आणि वडिलांची पहिली तलफ तर नेमकी सकाळच्या चहाबरोबरच येते, तेव्हां चहा आधीं, मग पंधरा मिनिटें वर्तमानपत्र, आणि मग गम.